जावईबापूंची पूड

१

नकाशेवाले आजोबा बुधवारी दुपारी दवाखान्यात वारले, आणि शुक्रवारी सकाळी त्यांचं कासव प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर येऊन बसलं.

"घ्या तुमचा पेशंट," पुठ्ठ्याचं खोकं खाली ठेवत इन्स्पेक्टर म्हणाले. "मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं होतं. आमचे हवालदार त्याला चहात बुडवलेला पाव घालायला निघाले होते."

"खाल्ला?"

"तोंडसुद्धा बाहेर काढलं नाही. हवालदाराचा अपमान झाला."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं. मोठ्या ताटाएवढी ती घुमटी पाठ त्या चार वर्षं ओळखत होत्या. डाव्या कडेला, मागच्या पायाच्या वर, जुन्या इजेची एक पांढरी रेघ होती. आजोबांची बायको हयात असताना तिनं कासवाचं नाव ठेवलं होतं जावईबापू. "खातो, बसतो आणि हलायचं नाव घेत नाही," असं ती म्हणायची.

"कशानं गेले?" त्यांनी विचारलं.

"विष. सोमवारपासून पोट धरून होते. बुधवारी जेवले आणि तासाभरात कोसळले." इन्स्पेक्टरांनी स्टूल ओढलं. माणूस सावकाश बोलणारा होता, आणि बोललेलं सहसा मागे घेत नसे. "दह्याच्या वाटीत विष सापडलं. दह्याच्या भांड्यात नाही. घरात आजोबा आणि त्यांना सांभाळणारी बाई, दोघंच. स्वयंपाक तिचा, वाढणं तिचं. सोमवारी तिला पुन्हा कोर्टात उभी करतोय."

"मावशींना?"

"सहा वर्षं घरात होती. सगळे असंच विचारतात, 'मावशींना?' वर दवाखान्यातून तिनं एकच फोन केला. शेजाऱ्याला. काय सांगितलं? 'जावईबापूंना उन्हातून आत घ्या.' मालक आत तडफडतोय आणि हिला कासवाची पडलीय." त्यांनी मान हलवली. "आणि गोष्ट काय सांगते, तर म्हणे आजोबा कासवाची औषधाची पूड दह्यात घालून खायचे. पूड पत्र्याच्या डब्यात होती, डबा फडताळात होता. आम्ही गुरुवारी सकाळी घर पालथं घातलं. डबा नाही."

डॉक्टरीणबाईंचा हात कासवाच्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला.

"साहेब, जिनं डबा लपवला असता, ती तुम्हाला 'डबा शोधा' कशाला सांगेल?"

"घाबरलेला माणूस काहीही बोलतो."

"डबा होता. हिरव्या झाकणाचा. मीच दिला होता." त्यांनी हात काढून घेतला. "आणि आजोबांनी ती पूड खाल्ली असेल, तर तीही माझ्याच सांगण्यावरून."

२

चार वर्षांपूर्वी आजोबा पहिल्यांदा आले, तेव्हा जावईबापूंचं कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं झालं होतं. अंगठ्यानं दाबलं की कडा आत जायच्या. बायको गेल्यापासून आजोबांनी कासव खिडकीत ठेवलं होतं, बंद काचेआड, गार वारा लागू नये म्हणून. दिवसभर ऊन येतं की तिथं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

"काचेतून आलेलं ऊन कवचाला लागत नाही," डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं. "ऊब मिळते, पण कवच घट्ट करणारं जे उन्हात असतं, ते काच अडवते. उघडं ऊन पाहिजे."

आजोबांनी आयुष्यभर कचेरीत नकाशे काढले होते. अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांना रात्री झोपू देत नसे. त्यांनी चौकटीच्या कागदाची वही घातली आणि सांगितलेलं सगळं रकान्यांत मांडलं. रोज अंगणात जाळीखाली चार तास ऊन. बुधवारी आणि रविवारी कोमट पाण्यात अंघोळ, मग दात घासायच्या मऊ ब्रशानं कवचाच्या खाचा साफ. तेल नाही, चकाकी आणायचं काहीही नाही. आणि रोज पाल्यावर भुरभुरायला चिमूटभर पूड, समुद्रफेस, म्हणजे म्हाकुळाचं पांढरं हाड, कुटून केलेली. वर्षभरात कवच घट्ट झालं. दोन वर्षांत त्यावर बोट आपटलं की टणक आवाज यायला लागला.

पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे फोटो काढून पाहिला आणि म्हटलं, "आता हा दगड झालाय. पूड बंद. निदान सहा आठवडे. जास्त झाली तर पोटात खडे धरतात."

"आणि उरलेली? अर्धा डबा आहे."

"ठेवा."

आजोबा घुटमळले होते. मग हळूच म्हणाले होते, "माणसाला चालते का हो?"

बाहेर एक मांजर किंचाळत होतं. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटचा कागद भरत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

"चालायला काय, चुनाच तर आहे."

हे सगळं त्यांनी इन्स्पेक्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

"डॉक्टर, चुन्यानं माणूस मरत नाही."

"नाही. पण चुन्यात कोणी काही मिसळलं तर मरतो. मला ते घर बघू द्या. आणि मावशींशी बोलू द्या."

"सोमवारपर्यंत," इन्स्पेक्टर म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

३

मावशी कोठडीच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर, जणू कोणी काम सांगेल म्हणून वाट बघत होत्या.

"जावईबापू कुठं आहेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"माझ्याकडे. मावशी, आजोबा पूड कधीपासून खात होते?"

"तुम्ही बंद केलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणाले, टाकायची कशाला? त्याची पाठ झाली, आता माझी हाडं होऊ देत. दोनदा पडले होते ना ते. दुपारी दह्यात अर्धा चमचा. स्वतः घालायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. माप चुकेल म्हणून."

"कोणाला माहीत होतं?"

"मला. शेजारच्या कुंडीवाल्या काकांना, भिंतीवरून सगळंच बोलायचे दोघं. ताईंना मात्र सांगायचं नाही अशी सक्त ताकीद होती."

"का?"

"म्हणायचे, लेकीला कळलं तर म्हणेल म्हातारं जनावराचं औषध खायला लागलं, आता चला माझ्याकडे. निमित्तच शोधतेय ती." मावशींनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "रविवारी चारला यायच्या ताई. आजोबांचं जेवण आणि जावईबापूंचा पाला दोन्ही त्याआधी आटोपलेलं असायचं."

"बुधवारी अंघोळ झाली होती? जावईबापूंची?"

"झाली की. आजोबांना उभं राहवत नव्हतं, तरी सोडलं नाही. अकराला. मी धरलं, त्यांनी घासलं. एकेक खाच घासली. मग जाळीखाली उन्हात ठेवलं, आणि ते जेवायला बसले. परत बाहेर आलेच नाहीत." त्या थांबल्या. "माझं काय व्हायचं ते होईल, बाई. पण त्याला काचेआड ठेवू नका."

आजोबांचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे फरशीचं छोटं अंगण. स्वयंपाकघरात भिंतीतलं फडताळ, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर जावईबापूंचं लाकडी खोकं. वरून उघडं, कडेला दिवा लटकवलेला. फडताळाच्या मधल्या फळीवर धुळीत एक स्वच्छ गोल होता. आजोबांचा चष्म्याचा डबा, सुईदोरा, मीठ, सगळं जागच्या जागी. एक गोल तेवढा रिकामा.

वही ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली होती. पोलिसांनी ती चाळून परत टांगली होती. डॉक्टरीणबाईंनी शेवटची पानं काढली. ऊन, अंघोळ, घासणी, पाला, पूड. पाच आठवड्यांपूर्वी 'पूड' रकान्यावर आडवी रेघ होती आणि बाजूला 'डॉ. सांगेपर्यंत बंद'. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून उजवीकडे एक नवा रकाना सुरू झाला होता. त्याला नाव नव्हतं. रोज एक बारीक खूण, सलग बुधवारपर्यंत.

"हा आजोबांचा स्वतःचा," त्या म्हणाल्या. "मावशी खरं बोलतायत."

इन्स्पेक्टरांनी वही हातात घेतली. तेवढ्यात दार वाजलं.

आजोबांची लेक आत आली. पन्नाशीची, बारीक चणीची, खांद्याला कापडी पिशवी. सरकारी दफ्तरखान्यात जुन्या कागदांचे गठ्ठे सांभाळायची. कागदाच्या धुळीनं तिला सतत कोरडा खोकला असे, तो आताही आला.

"बाबांचे कागद न्यायला आले. रजा आधीच टाकलेली होती म्हणून बरं, नाहीतर या सगळ्यात कुठे पळणार होते मी?" तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "तुम्ही कासवाच्या डॉक्टर ना? ते... खातंय का?"

"खातंय. का?"

"काही नाही. सहज." तिनं पिशवी छातीशी धरली. "मावशींवर घर सोडून मी निर्धास्त होते. कुंपणानंच शेत खाल्लं. साहेब, त्या बाईला सोडू नका."

"बुधवारी दवाखान्यातून इकडे आला होतात?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"छे. पाय उचलला नाही माझा. सरळ घरी गेले."

ती कागद न घेताच गेली. अंगणात कुंडीवाले काका भिंतीवर कोपर टेकवून उभे होते. त्यांच्या बाजूला पंचवीसेक कुंड्या आणि कोपऱ्यात किडीच्या औषधाचा पांढऱ्या पुडीचा डबा. इन्स्पेक्टरांची नजर त्या डब्यावर गेली ती काकांनी पाहिली.

"बघा, न्या, तपासा," ते म्हणाले. "जावईबापूंनी माझी रोपं खाल्ली म्हणून मी शंभरदा ओरडलोय, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण रोज बुद्धिबळात मला हरवणारा माणूस मी मारीन कशाला? आता संध्याकाळी करू काय मी?"

एवढं बोलून ते कुंड्यांना पाणी घालायला वळले. कुंड्या आधीच ओल्या होत्या.

४

दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरीणबाईंनी जावईबापूंना टेबलावर घेतलं. शुक्रवार होता, म्हणजे शेवटची घासणी होऊन अडीच दिवस झाले होते. दिवसभर त्यांनी त्याला हात लावला नव्हता, दिवा आणि पाला दिला होता इतकंच. आता नेहमीप्रमाणे आधी नुसतं पाहिलं. कडा घट्ट. पोटाकडची बाजू कोरडी, वास नाही. कवचाच्या तुकड्यांमधून नव्या वाढीच्या फिकट रेषा. म्हाताऱ्या माणसानं शेवटच्या सकाळी, पोटात कळा येत असताना, हे सगळं साफ केलं होतं.

मग त्यांनी दिवा जवळ ओढला.

पाठीच्या उंच भागावर, दोन तुकड्यांमधल्या खाचेत, काहीतरी पांढरं होतं. एक बारीक रेघ. शेजारच्या खाचेत आणखी एक. सोलवटलेलं नव्हतं, बुरशी नव्हती. बुरशी खाचेला धरून बसते, हे नुसतं पडलेलं होतं. वरून सांडल्यासारखं.

त्यांनी पाणी घेतलं नाही. कोरडा ब्रश घेतला, काळा कागद खाली धरला आणि एकेक खाच कागदावर झटकली. अर्धा चमचा भरेल इतकी पूड निघाली. ती पाकिटात घालून त्यांनी चिकटपट्टी लावली आणि इन्स्पेक्टरांना फोन केला.

"बुधवारी जावईबापूंना उन्हातून आत कोणी आणलं?"

"शेजारच्या काकांनी. आमचा शिपाई घराला कुलूप लावायला गेला होता, पाचच्या सुमारास. त्याच्यासमोर भिंत ओलांडून आले, कासव खोक्यात ठेवलं आणि दोघं एकत्रच बाहेर पडले. का?"

"आणि किल्ल्या किती?"

"दोन. मावशीची आमच्या शिपायाकडे, तिच्या पिशवीसकट जप्त. काकांकडे किल्ली नाही."

"दुसरी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"आजोबांच्या खिशात होती," इन्स्पेक्टर हळू म्हणाले. "चष्मा, रुमाल आणि किल्ली. दवाखान्यानं तीन वाजता सही घेऊन दिली."

"कोणाला, ते सांगू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी ही पूड तपासून घ्या. माझी चूक निघाली तर बरंच."

५

शनिवारी संध्याकाळी अहवाल आला. खाचांमधली पूड अर्धी समुद्रफेस होती, अर्धी विष. दह्याच्या वाटीत जे होतं, तेच.

"काकांच्या डब्यातलं नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. ते पुन्हा त्याच स्टुलावर बसले होते, पण आता थकलेले दिसत होते. "हे विष बाजारातून कधीच गेलंय. पूर्वी जुन्या कागदांना कसर लागू नये म्हणून गठ्ठ्यांत टाकायचे. अजून काही ठिकाणी पडून आहे."

"दफ्तरखान्यात."

"दफ्तरखान्यात. आता तुमच्या तोंडून ऐकू द्या. मी कुठे घसरतो ते बघायचंय मला."

डॉक्टरीणबाई खिडकीतल्या जावईबापूंकडे बघत बोलल्या. खिडकी सताड उघडी होती.

"बुधवारी अकराला पाठ घासली. एकही खाच सोडली नाही. मग कासव उन्हात. आजोबांनी दुपारी पूड दह्यात घातली तेव्हा ते अंगणात होतं, त्यामुळे तेव्हा सांडलेली त्याच्यावर पडणार नाही. पाचला ते फडताळाखालच्या खोक्यात आलं. गुरुवारी सकाळी डबा नव्हता. म्हणजे त्या मधल्या वेळात कोणीतरी घरात येऊन फडताळाशी उभं राहून डबा उघडला. तेव्हा मावशी तुमच्या कोठडीत होत्या."

"इथपर्यंत बरोबर. आजोबांची किल्लीही लेकीनंच सही करून नेली होती. म्हणजे सोमवारी मावशी सुटणार. पण मला विचाराल तर पुढे अडतंय. ती लेक बापावर जीव टाकायची. सगळी गल्ली सांगते. घर तिच्याच नावावर आधीपासून आहे. मग मारायचं कशाला?"

"तिनं आजोबांना मारायला विष टाकलंच नाही."

इन्स्पेक्टरांनी स्टूल पुढे ओढलं.

"त्या डब्यातली पूड कोण खातं, हे तिघांना माहीत होतं. आजोबा, मावशी, काका. त्यांच्यातल्या कोणाला आजोबांना मारायचं असतं तर तो डबा चालला असता. पण जिला हे माहीतच नव्हतं, तिच्या लेखी तो डबा कोणाचा? मी पूड बंद केल्याचं तिला कोणी सांगितलं नाही. आजोबांनी मुद्दाम लपवलं. तिनं पहिल्याच भेटीत मला विचारलं, ते खातंय का? बाप जाऊन दोन दिवस झालेली बाई, जिनं त्या कासवाला कधी बोट लावलं नाही, ती हे का विचारेल? ते अजून जिवंत कसं, हे तिला कळत नव्हतं. कळायला लागलं होतं, आणि ते खोटं ठरावं असं वाटत होतं."

"आणि रजा," इन्स्पेक्टर पुटपुटले. "मी चौकशी केली. शनिवारी अर्ज दिला होता. बाप आजारी पडायच्या दोन दिवस आधी."

६

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. रविवारी सकाळी दोघं गेले तेव्हा तिनं काही न विचारता दार उघडलं.

आतली खोली नव्यानं रंगवलेली होती. खाटेवर कोरी चादर, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला नवा दांडा. खिडकीशी आजोबांच्या मापाचं तिरपं टेबल, त्यावर टोक केलेल्या सहा पेन्सिली. खिडकीला वरपासून खालपर्यंत जाड काच होती, न उघडणारी. सगळी खोली उन्हानं भरली होती.

"ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जावईबापूंच्या पाठीवर पूड सापडली."

ती खाटेच्या कडेवर बसली. खोकला आला, तो तिनं पूर्ण होऊ दिला.

"दिवा बंद होता. ते खाली आहे हे दिसलंच नाही मला," ती म्हणाली. "मी फक्त डब्यात किती उरलीय ते बघत होते. मी टाकल्यावर अर्धा भरला होता."

इन्स्पेक्टरांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाईंनी हातानं थांबवलं.

"दोनदा पडले ते. दुसऱ्यांदा रात्रभर फरशीवर होते, मावशी गावाला गेल्या होत्या तेव्हा. मी ही खोली तयार केली. दोन वर्षं झाली. दर रविवारी जाऊन म्हणायचे, बाबा, चला. आणि ते म्हणायचे, तुझ्याकडे काच आहे. काचेतून आलेलं ऊन कवचाला लागत नाही." तिनं मान वर केली. "हे वाक्य तुमचं ना? मला पाठ आहे. तुमच्या त्या एका वाक्यावर माझे वडील त्या घरात राहिले. जावईबापू मऊ पडतील म्हणून. मी, ते, सगळं एकीकडे आणि त्याची पाठ एकीकडे."

"मग तुम्ही रविवारी..."

"बाबा अंगणात होते. दोन मिनिटं लागली. मला वाटलं, एक-दोन दिवसांत मरेल ते. म्हातारंच आहे, कोणाला संशय येणार? बाबा रडतील. चार दिवस जेवणार नाहीत. म्हणून रजा टाकली होती. त्यांच्याजवळ बसायला." तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि ऐकवत नव्हतं. "सोमवारी मावशींचा फोन, बाबांचं पोट बिघडलंय. मी म्हटलं, दही बंद करा. मला खरंच वाटलं दह्यानंच असेल. दवाखान्यात विष म्हणाले तेव्हा पहिल्यांदा... तरी म्हटलं नाही, ती पूड कासवाची. बाबा कशाला खातील? म्हणून बघायला गेले."

"आणि मावशी?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "चार दिवस ती बाई कोठडीत आहे."

"तिला माहीत होतं," ती म्हणाली. "माझा बाप काय खातो हे तिला माहीत होतं, भिंतीपलीकडच्या माणसाला माहीत होतं. मला नव्हतं. एकानंही मला सांगितलं असतं तर?"

तिनं खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. शुक्रवारपासून ती तिनं क्षणभरही खाली ठेवलेली दिसली नव्हती. आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा काढला आणि तिरप्या टेबलावर ठेवला. तो घसरायला लागला, तसा पेन्सिलींचा आधार देऊन तिनं तो नीट बसवला. हिरवं झाकण होतं.

"घेऊन फिरतेय," ती म्हणाली. "टाकवेना. आत अजून आहे थोडी. ती कोणासाठी ठेवली होती ते तुम्हाला सांगायला नको. पण काल रात्री झाकण उघडलं, आणि आपल्यालाही चमच्यानं मोजून घ्यावी लागेल असं वाटलं. त्यांच्यासारखी. मग जमलं नाही."

इन्स्पेक्टरांनी डबा रुमालात उचलला. जिन्यात तिनं एकदाच मागे वळून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्यांनी तुम्हाला विचारलं होतं? ती खाऊ का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी मान वर केली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

७

मावशी सुटल्या. जावईबापूंना नेता का, असं विचारल्यावर त्यांनी नको म्हटलं. पण बुधवारी अकराला त्या दवाखान्यात आल्या, आणि रविवारीही. त्या धरतात, डॉक्टरीणबाई घासतात. कुंडीवाले काका कधी कधी कोवळा पाला घेऊन येतात आणि बाहेरच्या बाकावर बुद्धिबळाचा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळतात.

वही आता दवाखान्यातल्या खिळ्याला आहे. ऊन, अंघोळ, घासणी, पाला. बिननावाच्या रकान्यात त्या बुधवारनंतर काही नाही.

परवा एक आजी कुत्र्याचं मलम घ्यायला आल्या. डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या, बाहेर दोन कुत्री एकमेकांवर भुंकत होती. आजी घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला लावलं तर चालेल का हो हे?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. उठून बाहेरचं दार लावलं, परत येऊन समोर बसल्या.

"काय म्हणालात? पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "आणि घरी कोणाला विचारलंय, तेही सांगा."